वॉकीटॉकीवर मी बोललो नाही : खाणीतला डंपर आणि पहाटेची झोप

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलं आहे.)



सुरुवातीलाच एक विनंती. तुम्ही हे गाडी चालवता चालवता ऐकत असाल आणि गेल्या दहा मिनिटांत दोन-तीनदा जांभई आली असेल, तर हा भाग बंद करा. गाडी रस्त्याच्या बाहेर नीट उभी करा आणि वीस मिनिटं डोळे मिटा. पॉडकास्ट कुठं पळून जात नाही. मी हे गमतीनं सांगत नाही. का सांगतोय ते पुढं कळेल.

मी विट्याचा. आमच्या घरामागं यंत्रमागाचं शेड होतं. चार माग. रात्रभर खडखड चालायची आणि त्या आवाजात आम्ही भावंडं मस्त झोपायचो. उलट लाईट गेली, माग थांबले की जाग यायची. त्यामुळं लहानपणापासून माझा एक समज होता, की आपल्याला झोपेचा काही प्रॉब्लेम नाही. कुठंही, कधीही झोपू शकतो, आणि पाहिजे तेवढं जागूही शकतो. या एका समजापायी मी मरता मरता वाचलो. आणि माझ्यामुळं दुसरा एक पोरगा मरता मरता वाचला. आजची गोष्ट ती आहे.

आमच्या खानापूर तालुक्यातली, तिकडं आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेलीत. सोनं-चांदी गाळायचं काम. तामिळनाडूपासून पंजाबपर्यंत कुठल्याही गावात जा, सराफ गल्लीत आपला माणूस सापडतो. मी मात्र त्या वाटेनं गेलो नाही. मला स्टेअरिंगचं वेड. गळीत हंगामात दोन वर्षं उसाचा ट्रॅक्टर चालवला, मग हेवी लायसन काढलं, आणि एका मित्राच्या ओळखीनं विदर्भात कोळशाच्या खाणीवर गेलो. विट्यापासून सातशे किलोमीटर. खाणीचं आणि ठेकेदार कंपनीचं नाव मी घेणार नाही. एका जागेला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. असं कुठंही घडू शकतं.

डंपर म्हणजे नेमकं काय

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोळसा म्हटलं की आपल्याला बोगदा आठवतो. पण चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुस, वणी, उमरेड या पट्ट्यात बरेच कोळसे उघड्या खाणीतून निघतात. तिला सगळे ओपनकास्ट म्हणतात. वरची माती आणि दगड काढायचा, त्याला ओबी म्हणतात, मग खाली कोळसा लागतो. खाण पायऱ्या-पायऱ्यांनी खाली जाते. एकेक पायरी म्हणजे बेंच. शोव्हेल माल भरतं, डंपर तो उचलून वर डंपावर नेतो, ओततो, परत खाली येतो. रस्त्याला हॉल रोड म्हणतात.

मी ६० टनी डंपर चालवायचो. मोठ्या डंपरमध्ये हा लहान समजायचा. १०० टनी आहेत, छत्तीसगडच्या गेवरा खाणीत २४० टनी आहेत. तरी या लहान डंपरचं टायर माझ्यापेक्षा उंच. केबिनला शिडीनं चढायचं. रिकामा असताना वजन चाळीस-पंचेचाळीस टन, भरला की शंभरच्या आसपास.

वर बसलं की राजा झाल्यासारखं वाटतं. सगळी खाण दिसते. पण जवळचं काही दिसत नाही. केबिन डाव्या अंगाला असते. नाकासमोर बोनेटखाली जीप उभी राहिली तर ती दिसत नाही. उजव्या बाजूला तर आणखी मोठा भाग आंधळा. म्हणून खाणीत फिरणाऱ्या कॅम्परवर, जीपवर उंच काठी आणि झेंडा लावतात. गाडी नाही तर निदान झेंडा दिसावा. म्हणूनच हॉर्नची भाषा असते. एक हॉर्न म्हणजे इंजिन चालू करतोय, दोन म्हणजे पुढं निघालो, तीन म्हणजे मागं येतोय. पहिल्याच आठवड्यात मला हे पाठ करून घेतलं.

ट्रेनिंग झालं होतं हं. खाणीत कामाला लागायच्या आधी व्यवसाय प्रशिक्षण घ्यावंच लागतं, १९६६ पासून त्याचे नियम आहेत. रिटार्डर कसा वापरायचा, उतारावर न्यूट्रल का करायचं नाही, मागं घेताना डंपाच्या कडेपासून किती लांब थांबायचं, सगळं शिकवलं. झोपेबद्दलही एक वाक्य होतं. "थकवा आल्यास गाडी चालवू नये." भिंतीवर पण लिहिलं होतं. आम्ही त्या भिंतीला टेकून चहा प्यायचो.

ती पहाट

आमच्या तीन पाळ्या. तिसरी पाळी रात्री अकरा ते सकाळी सात. आठवड्याला पाळी बदलायची.

नाईटचा चौथा दिवस. सकाळी सात वाजता सुटलो, रूमवर आलो, आठला आडवा झालो. पत्र्याची रूम, एप्रिल महिना, विदर्भातलं ऊन. साडेअकराला घामानं जाग आली. परत झोपता आलं असतं. पण हातात फोन घेतला. "पाच मिनिटं बघतो" म्हणून रील सुरू केले आणि दीड वाजला. मग जेवण, मग कपडे, मग घरी फोन, मग मित्र आला. संध्याकाळी पडलो, पण झोप नाही लागली. रात्री अकराला मी डंपरवर चढलो.

आता हिशेब करा. साडेअकराला उठलेला माणूस, पहाटे चार वीसला किती वेळ जागा असतो? जवळपास सतरा तास. आणि त्याआधीची झोप फक्त साडेतीन तासांची.

हा सतरा आकडा लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड या दोघा संशोधकांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना जागं ठेवलं, दुसऱ्या वेळी त्यांनाच दारू दिली, आणि हात-डोळ्याचा मेळ तपासला. सतरा तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढिला पडला होता. चोवीस तासांनी ते ०.१० टक्क्यांपर्यंत गेलं. आपल्या देशात गाडी चालवायची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ०.०३ टक्के. मी आयुष्यात दारू पिऊन स्टेअरिंगला हात लावला नाही. गेटवर तोंडाला मशीन लावली असती तर ती शून्य दाखवली असती. आणि तरी मी त्या पहाटे टाईट माणसासारखी गाडी चालवत होतो.

वेळ कुठली तेही बघा. शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं. साधारण रात्री दोन ते सहा या वेळात ते सगळ्यात खाली जातं. अंगाचं तापमान उतरतं, डोकं जड होतं. तुम्ही चार नाईट करा नाहीतर चौदा करा, दिवसाचं ऊन डोळ्यावर पडत असेल तर हे घड्याळ सहसा पूर्ण फिरत नाही.

आणि काम कसलं? तेच तेच. भर, ने, ओत, ये. अंधारात समोर हेडलाईटचा तुकडा, धूळ, आणि इंजिनचा एकसारखा आवाज. मला आमच्या शेडातले माग आठवायचे. लहानपणी ज्या आवाजावर झोपलो, तसाच आवाज. लोकांना वाटतं जास्त काम असलं की माणूस चुकतो. खरं आहे, पण फार कमी काम असलं तरी चुकतो. डोक्याला करायला काही नसलं की ते दुकान बंद करतं.

चार वीसला मी डंपावर माल ओतून रिकामा खाली येत होतो. लांब उतार, आणि शेवटी उजवीकडं वळण. मला वळण आठवत नाही. त्याच्या आधीचा लाईटचा खांब आठवतो. नंतर एकदम आवाज, धक्का, बेल्ट छातीत रुतला, आणि समोर हेडलाईटच्या उजेडात काहीच नाही. रस्ता नाही, माती नाही. नुसता अंधार.

रस्त्याच्या कडेला मातीचा बांध असतो. त्याला बर्म म्हणतात. माझं डावं पुढचं चाक बर्मवर चढून अडकलं होतं. पलीकडं बेंच, बारा-तेरा मीटर खाली.

ताशी पंचवीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला सात मीटर. तीन सेकंद डुलकी लागली तर एकवीस मीटर गेलो. डोळे उघडे असतील कदाचित, सांगता येत नाही. अशा डुलकीत डोळे अर्धवट उघडेही असतात, आणि माणसाला नंतर वाटतं आपण झोपलोच नव्हतो.

मी काय केलं

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला अजून जड जातं.

मी इकडं तिकडं बघितलं. मागं कोणी नव्हतं. रिव्हर्स टाकला, हळूहळू चाक खाली घेतलं, गाडी सरळ केली आणि पुढं गेलो. वॉकीटॉकी डॅशबोर्डवर होती. बटण दाबून एवढंच म्हणायचं होतं, "वळणावर बर्म तुटलाय, माझी गाडी चढली होती, मला झोप येतेय." दहा सेकंदांचं काम.

मी बोललो नाही.

का नाही बोललो? खेपेमागं पैसे मिळायचे. बहिणीचं लग्न दोन महिन्यांवर होतं. ठेक्याची नोकरी, महिन्याचा भरवसा नाही. आणि खरं सांगू का, लाज वाटली. झोप लागली म्हणजे आपण कच्चे. तिथं रात्र काढणं ही मर्दानगी होती. कुणी तंबाखू लावायचं, कुणी डोळ्याला पाणी, कुणी मोठ्यानं गाणी. "झोप येतेय" असं सेटवर म्हणणारा एकही माणूस मी तोवर ऐकला नव्हता.

सकाळी पाळी सुटताना शिफ्ट इन्चार्जनं विचारलं, "काही प्रॉब्लेम?" मी म्हटलं, "नाही साहेब."

चार रात्रींनी त्याच वळणावर दुसरा डंपर गेला. पोरगा माझ्याहून लहान, मराठवाड्यातला, लागून तीन महिने झाले होते. तोही खाली येत होता, तीही पहाटच होती. झोपलेला माणूस वळत नाही, सरळ जातो. म्हणून तो बरोबर तिथंच गेला, जिथं मी गेलो होतो. फक्त मी गेलो तेव्हा बर्म पूर्ण होता. त्याच्या वेळी माझ्या चाकानं तो निम्मा खाली बसला होता. अंधारात, धुळीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माहीत होतं फक्त मला.

त्याचा डंपर कडेवरून तिरका घसरला आणि खालच्या ढिगाऱ्यावर अडून राहिला. बेल्ट लावला होता म्हणून वाचला. खांदा आणि दोन बरगड्या मोडल्या.

दुसऱ्या दिवशी कागदावर कारण आलं. "चालकाचा निष्काळजीपणा."

काका

आमच्यात एक म्हातारे ऑपरेटर होते, वणीकडचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. दोन दिवस मी जेवलो नाही हे त्यांनी बघितलं. चहाच्या टपरीवर मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "का झालं बे?" मी सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या देतील. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मीबी दोनदा चढलो हाव बर्मवर. कोणाले सांगतलं नाही. तू निदान मले तं सांगतलं." आणि मग म्हणाले, "चाल, आता साहेबाले सांगू. मी येतो संग."

आम्ही सेफ्टी ऑफिसरकडं गेलो. मी लेखी दिलं. मला आठ दिवस घरी बसवलं, त्या दिवसांचा पगार गेला. पण त्या ऑफिसरनं एक गोष्ट चांगली केली. त्यानं मला पहिला प्रश्न "का झोपलास" असा विचारला नाही. विचारलं, "किती वाजता, कितवी नाईट, आधी किती झोपला होतास, वळणावर दिवा होता का?" मग त्यानं बाकीच्या ऑपरेटरांना एकेकटं बोलावून तेच विचारलं, आणि नावं लिहिणार नाही म्हणून सांगितलं. काकांसारखे आणखी निघाले. त्याच वळणावर गाडी हलली म्हणणारे आमच्याच पाळीत चारजण होते. चारजण गप्प होते. आणि माझ्यासकट पाच.

म्हणजे बघा, तो पोरगा शेवटची चूक करणारा होता. तिच्याआधी किती चुका रांगेत उभ्या होत्या. पत्र्याच्या रूममध्ये दिवसा झोप होत नाही. आठवड्याला पाळी बदलते, शरीराला कळत नाही रात्र कुठली. खेपेवर पैसे आहेत, त्यामुळं थांबणारा तोट्यात जातो. वळणावर उजेड कमी. बर्म तुटलेला. आणि सगळ्यांना माहीत असून सगळे गप्प. या रांगेच्या शेवटाला तीन महिन्यांचा पोरगा उभा होता, आणि कागदावर फक्त त्याचं नाव आलं.

नियम नाहीत असं नाही. १९५२ च्या खाण कायद्यानं जमिनीवरच्या कामाला दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तासांची हद्द घातली. दोन्हीकडून वाहतूक असेल तर हॉल रोड सगळ्यात मोठ्या गाडीच्या तिप्पट रुंद पाहिजे. अमेरिकेत बर्मचा नियम असा, की त्या रस्त्यावरच्या सगळ्यात मोठ्या गाडीच्या चाकाच्या मध्यापर्यंत तरी उंच पाहिजे. २०१७ च्या आपल्या कोळसा खाण नियमावलीनं तर प्रत्येक खाणीला स्वतःचे धोके शोधून सुरक्षेचा आराखडा करायला लावलंय. पण धोका शोधायचा कुणी? तो रोज पहाटे चार वाजता ज्याला दिसतो, त्यानंच सांगायला पाहिजे. आणि त्यानं सांगितल्यावर त्याची भाकरी जाता कामा नये.

नंतर आमच्याकडं काय बदललं? बर्म उंच केला. वळणावर दिव्याचा टॉवर आला. आणि एक रीत पडली. सेटवर "ब्रेक पाहिजे" म्हटलं की गाडी बाजूला पार्क करून वीस मिनिटं पडायचं, कुणी का विचारणार नाही. हे एका दिवसात झालं नाही. पहिले काही आठवडे कुणी बोलायलाच तयार नव्हतं. पहिल्यांदा काका बोलले. तीस वर्षं डंपर चालवलेला माणूस सेटवर म्हणाला, "झोप येऊन राहिली, गाडी लावतो." सगळ्या खाणीनं ऐकलं. त्यानंतर पोरांची भीती हळूहळू गेली. खेपेचे पैसे मात्र अजून तसेच आहेत. तो प्रश्न सुटलेला नाही.

मशीन करेल का हे सगळं?

तुमच्यातले बरेचजण विचारतील, एवढं तंत्रज्ञान आहे, काय उपयोग? आहे ना. डोळ्यांवर लक्ष ठेवणारे कॅमेरे आलेत. पापण्या जास्त वेळ मिटल्या की सीट थरथरते, अलार्म वाजतो. ऑस्ट्रेलियात पिलबारा भागातल्या लोखंडाच्या खाणींत रिओ टिंटोनं २००८ पासून बिनड्रायव्हरचे डंपर आणले, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी माणसं दीड हजार किलोमीटरवर पर्थ शहरात स्क्रीनसमोर बसतात. स्क्रीनसमोर बसलेल्या माणसालाही पहाटे चार वाजता झोप येतेच, हे तुम्हाला सांगायला नको.

कॅमेरा चांगलाच आहे. पण अलार्म वाजतो तेव्हा झोप आलेली असते. आणि अलार्म वाजला म्हणून पगार कापला, तर पोरं काळा गॉगल लावतील. मी माझ्यावरून सांगतो, मी लावला असता.

आता तुमच्यासाठी

तुम्ही डंपर चालवत नसाल. पण आपल्या भागात गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांचा ऊस घेऊन रात्रभर ट्रॅक्टर चालवणारी पोरं आहेत. मी तेच केलंय, मला माहीत आहे कारखान्याच्या रांगेत रात्र कशी जाते. गलाईवाली मंडळी जत्रेला, लग्नाला हजार-दीड हजार किलोमीटरवरून एका दमात गाडी मारत येतात, आणि शेवटच्या पन्नास किलोमीटरला म्हणतात, "आलंच की आता गाव." पहाटे रेणावीच्या घाटात मी अशा गाड्या बघितल्यात.

म्हणून काही गोष्टी, ज्या मी आता स्वतः पाळतो.

गाणी मोठ्यानं लावणं, काच उघडणं, तोंडावर पाणी मारणं, यानं जेमतेम काही मिनिटं निघतात. झोपेला उपाय झोपच. कॉफी किंवा कडक चहा घ्यायचा असेल तर तो पिऊन लगेच पंधरा-वीस मिनिटं पडा. तो अंगात भिनायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणजे उठताना दोन्हींचा फायदा. उठल्या उठल्या लगेच गिअर टाकू नका, पाच-दहा मिनिटं पाय मोकळे करा, डोकं जागं व्हायला वेळ लागतो.

मागचे काही किलोमीटर आठवत नसतील, गाडी पट्टी सोडून सरकत असेल, मान झटका खात असेल, तर तुम्ही दमलेले नाही, तुम्ही झोपायला लागलेले आहात. तिथंच थांबा.

नाईट करणाऱ्यांनी दिवसा खिडकीला जाड चादर लावा, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एकच खोली असेल तर शेजाऱ्याकडं द्या. माझा तो दीड वाजेपर्यंतचा फोन मला केवढ्याला पडला असता ते ऐकलंत ना.

आणि घरच्यांसाठी. नाईटवरून आलेल्या पोराला "दिवसा काय लोळतोस" म्हणू नका. माझी आई आता सुट्टीत मी झोपलो की दाराला कडी लावून बाहेर बसते. कुणाला आत सोडत नाही.

मी अजून डंपरच चालवतो. नवीन पोरगा शेजारच्या सीटवर बसतो तेव्हा हॉर्नची भाषा शिकवायच्या आधी मी त्याला वॉकीटॉकी हातात देतो आणि मोठ्यानं म्हणायला लावतो, "मला झोप येतेय, गाडी लावतो." पोरं हसतात. मी परत म्हणायला लावतो. एकदा तोंडातून निघालेलं वाक्य पहाटे चारला लवकर निघतं.

तो मराठवाड्यातला पोरगा परत आला नाही. त्याच्या कागदावरचं कारण माझ्या जबाबानंतर बदललं, पण त्याचा खांदा पहिल्यासारखा झाला नाही. गावाकडं त्याचं आता किराणा दुकान आहे. मी त्याला फोन करून सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "दादा, सेटवर तेव्हाच बोलला असतास तर." मी म्हटलं, "हो रे."

यापुढं त्याच्याकडं किंवा माझ्याकडं बोलायला काही नव्हतं.

हा भाग आवडला तर मला कळवू नका, त्यापेक्षा तुमच्या ओळखीतल्या एखाद्या रात्री गाडी चालवणाऱ्या माणसाला पाठवा. फक्त तो गाडीवर नसताना. भेटू पुढच्या भागात. सांभाळून जा.